बागेपासून वळणापर्यंत

— नाही, नाही, त्याला हॉर्न नका देऊ ज्योत्स्नाताई, त्याला काही ऐकू जाणार नाही, दोन्ही कानांत गाण्याची बोंडं घातलीत त्यानं — जाऊ द्या पुढं, जाऊ द्या — क्लच दाबा, अर्धा नाही, पूर्ण — हां, आता सेकंड. बघितलंत ना कसा कापून गेला ते? काय म्हणता, ती कार होती का मोटरसायकल? दोन्ही नाही. चार चाकं आहेत म्हणून कार म्हणावी तर वर छप्पर नाही, दार नाही, पट्टा नाही. हँडल आहे म्हणून मोटरसायकल म्हणावी तर दोन चाकं जास्तीची. एटीव्ही म्हणतात तिला. सगळ्या जमिनीवर चालणारी गाडी म्हणे — माती, चिखल, रेती, दगडं, सगळीकडे. फक्त रस्ता सोडून. हसू नका, खरं सांगते. मतलब चालते रस्त्यावर, का नाही चालणार, चाकं आहेत — पण चालवायची नाही. कायदा आहे. पण शनवाऱ्याच्या गेटाखालून भर दुपारी चार वाजता गॉगल लावून निघालेल्याला कायदा कोण सांगणार? मी? मी सांगून सांगून थकले. डावीकडे ठेवा, डावीकडे, त्या ऑटोच्या मागं मागं चला.

नंबर प्लेट बघितली का तिची? नाही ना दिसली. नसतेच. आरटीओ नंबर देतच नाही. का नाही? कारण रस्त्यावर यायचं तर गाडी आधी सरकारच्या तपासणीतून पास व्हावी लागते — लाइट, इंडिकेटर, ब्रेक, सगळं — आणि ही बाई रस्त्यासाठी बनलेलीच नाही. टायर बघा तिचे, फुगलेले, मऊ, मातीत रुतू नये म्हणून. मागच्या दोन्ही चाकांना एकच दांडा. शेतात ठीक आहे, माती भुसभुशीत, चाक घसरलं तर घसरलं. डांबरावर वळवायला गेलात की आतलं चाक वळायलाच मागत नाही, गाडी एका अंगावर उचलते. आता काही कंपन्या ट्रॅक्टर म्हणून पास करून आणतात म्हणे एखादी, ती गोष्ट वेगळी, तिला नंबर मिळतो. पण लोक आणतात ती? नंबर नाही. नंबर नाही म्हणजे विमा नाही. विमा नाही म्हणजे उद्या कुणाला उडवलं तर त्या बिचाऱ्यानं कुणाच्या तोंडाकडे बघायचं? आपल्या शेतात चालवा ना, दिवसभर चालवा, कोण अडवतं — पण बांध ओलांडला, डांबराला चाक लागलं, की गुन्हा. इतकं सोपं आहे. चौथीच्या पोराला समजेल. आमच्या भूपेंद्रला नाही समजलं.

भूपेंद्र म्हणजे माझा दीर. स्पीड ब्रेकर आहे पुढं, पाय उचला — उचला म्हटलं ना — हां. असू द्या, माझ्या पायाखाली पण ब्रेक आहे, घाबरू नका. भूपेंद्र आमच्या ह्यांचा धाकटा भाऊ. हे गेले त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून शेती सगळी तोच बघतो, माझ्या वाट्याची पण, आणि मी ही शाळा. गाडीवर नाव अजून त्यांचंच आहे — गिरधर मोटर ड्रायव्हिंग स्कूल — मी नाही बदललं. तर हा भूपेंद्र. बारा एकर केळी, पंचेचाळीस वय, पोट असं पुढं, आणि डोकं अजून जत्रेतल्या पाळण्यात. नवीन काही दिसलं की ह्याला पाहिजे. मोबाइलवरनं मोटर चालू करायचं यंत्र आणलं, ते आता गोठ्यात लटकलंय, चिमणीनं घरटं केलंय त्यात. ड्रोन आणला, तो शेजाऱ्याच्या विहिरीत गेला. आणि मागच्या उन्हाळ्यात इंदूरहून टेम्पोत घालून ही आणली. लाल भडक. मी विचारलं, भाऊजी, हे कशाला? म्हणे, वहिनी, ठिबकच्या नळ्या बघायला. नळ्या बघायला! आमचे सासरे पायानं बघायचे नळ्या — मतलब तेव्हा पाट होते, नळ्या नव्हत्या, पण बघायचे. ह्याला गुडघे दुखतात म्हणून घोडा पाहिजे. बरं, घे बाबा. शेतात फिरव.

सिंधीपुऱ्याकडे घ्या. उजवा इंडिकेटर. आरसा बघा आधी — आरसा नुसता लावायला नसतो, त्यात बघायचं असतं — आता वळा. सावकाश. ह्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, काच वर करा तुमची. हां.

शेतात फिरवली त्यानं आठ दिवस. नवव्या दिवशी रस्त्यावर. मला कुणी सांगितलं? माझ्याच एका शिकाऊ बाईनं. म्हणे मॅडम, तुमचे दीर राजघाटाच्या रोडवर लाल गाडी पळवत होते, नंबरच्या जागी ‘राजा’ लिहिलंय. माझं तोंड कसं झालं असेल! मी सकाळी सहापासून लोकांना सांगते, हा बोर्ड म्हणजे काय, ती रेघ म्हणजे काय, झेब्राच्या आधी थांबा — आणि घरचा माणूस हा. गेले मी शेतावर. पुस्तक घेऊन गेले, सांगते काय. गाडीखात्याच्या कायद्याचं पुस्तक आहे माझ्याकडे, ह्यांनी खुणा केलेलं. उघडून दाखवलं — हे बघा भाऊजी, कलम एकोणचाळीस, सार्वजनिक जागी कुठलीही गाडी नोंदणीशिवाय चालवता येत नाही. कुठलीही. तर हा हसतो. म्हणे, वहिनी, टेन्शन नका घेऊ, सब सेट आहे. सगळे चालवतात. दुकानवाल्यानंच सांगितलं. मी म्हटलं, दुकानवाल्यानं कागदावर काय लिहून दिलंय ते वाचा. वाचलं त्यानं. बारीक अक्षरात होतंच — फक्त खाजगी जमिनीवर वापरण्यासाठी. मग म्हणे, वहिनी, आपल्या ह्या बागेतून त्या बागेत जायला मधी तीनशे पावलांचा डांबरी तुकडा आहे, तेवढ्यासाठी मी काय उचलून नेऊ? मी म्हटलं, हो, उचलून न्या. नाहीतर पायी जा. तर म्हणतो कसा — तुम्ही नुसत्या पुस्तकी आहात वहिनी.

पुस्तकी! अठरा वर्षं झाली मला शिकवताना. ह्या शहरातल्या निम्म्या बायका माझ्या हाताखालून गेल्या. डॉक्टरीण, वकिलीण, सराफाच्या सुना — मिलवाल्यांच्या कॉलनीतल्या तुमच्या त्या छायाताई, त्यांना मी शिकवलं, त्यांनीच पाठवलं ना तुम्हाला? तेच. पण एक गोष्ट सांगू? अठरा वर्षं मी ह्या डाव्या सीटवर. स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि भीती माझ्या पायात. घरी जायच्या वेळी कुणीतरी शिकाऊच गाडी आणून लावतं. मी स्वतः कधी — थर्ड टाका, रस्ता मोकळा आहे. ॲक्सिलेटर सोडून क्लच, हां, पहिल्यांदा आवाज न करता पडला बघा. छान.

काय सांगत होते? हां, भूपेंद्र. तर चालवतच राहिला. मी टोमणे मारायचे, तो हसायचा. एकदा चालान कटलं, तरी हसला. पावती पाकिटात ठेवून फिरायचा, लोकांना दाखवायला, जसं काही सरकारनं सर्टिफिकेट दिलं. अशी माणसं असतात, ताई. त्यांना वाटतं नियम हे भित्र्यांसाठी आहेत. मला तर चीड येते बघा, अजून येते. मग दसरा आला. शेतावर गाड्यांची पूजा असते आमच्याकडे — ट्रॅक्टर, पंप, फवारणीचं यंत्र, आणि मधोमध ह्याची ती लाल महाराणी, झेंडूच्या माळा घालून. मी गेले होते. घरची मोठी म्हणून जावं लागतं. पूजा झाली, नारळ फोडला, बाकीचे लोक जेवायला घरी गेले, आम्ही दोघंच राहिलो आवरायला. आणि समोरच्या बागेत केळी कापणारी टोळी लागली होती — दसरा असला तरी काय, दिल्लीचा ट्रक भरायचा होता, घड सणाला थांबत नाहीत. ट्रक उभा रस्त्याच्या ह्या बाजूला, बाग त्या बाजूला. बाया डोक्यावर घड घेऊन रस्ता ओलांडायच्या, ट्रकात द्यायच्या, परत जायच्या. त्यात गोदाबाई होती. साठीची असेल. काटक. चिकानं लुगडं काळं पडलेलं, पण घड असा उचलायची की तरण्यांनी बघत राहावं.

— सायकलवाल्याला जागा द्या, जागा द्या. हां. किती वेळा सांगितलं, चाललेल्या माणसाचा हक्क पहिला, मग सायकल, मग आपण.

तर हा भूपेंद्र बसला गाडीवर. आणि निघाला. आधी बागेच्या कडेकडेनं, केळीच्या दोन ओळींमधून, मग बांधापर्यंत. तिथं थांबायचं होतं. तिथं डांबर सुरू होतं, तिथं थांबायलाच पाहिजे होतं, सगळं माहीत असून — ठीक आहे. नाही थांबला. म्हटलं, वळणापर्यंत जाऊन यावं. तीनशे पावलं तर आहे. आता तुम्हाला सांगते, त्या गाडीला पायात ॲक्सिलेटर नसतो. मुठीत पण नसतो मोटरसायकलसारखा. उजव्या अंगठ्यापाशी एक छोटी पट्टी असते, ती अंगठ्यानं दाबायची. बस. एवढंसं दाबलं की ती अशी उसळते — आणि वारा, सगळीकडून वारा, काच नाही ना मधी कुठं. केळीची पानं दोन्ही बाजूंनी मागं पळतात. अंगठा सोडावासाच वाटत नाही. बाजूला कुणी बसलेलं नाही, कुणाला काही सांगायचं नाही, क्लच नाही, हळू म्हणायचं नाही. मग मागच्या जाळीच्या कॅरिअरमध्ये पदर अडकला, खांद्याला हिसका बसला म्हणून एक सेकंद मागं वळून बघितलं, एकच सेकंद, आणि पुढं —

ब्रेक! ब्रेक दाबा! — बंद पडली. पडू द्या. काही नाही, कुत्रं होतं, गेलं ते. मीच दाबला माझा. बसा अशाच. मागच्याला वाजवू द्या हॉर्न, जाईल बाजूनं, रस्ता त्याच्या बापाचा नाही.

माझ्याकडे काय बघताय? रस्त्याकडे बघा.

पदर. हाव, पदर म्हटलं मी. भूपेंद्र पदर घेत नाही, बरोबर. तुम्ही मास्तरीण आहात, तुम्ही पकडणारच.

चालू करा गाडी. न्यूट्रलमध्ये घ्या आधी. किल्ली. हं. आता फर्स्ट, आणि सरळ राजघाटाकडे चला. हळू. सेकंडच्या वर नको.

तो म्हणाला होता, वहिनी, नुसत्या पुस्तकी आहात, एकदा बसून तर बघा. आणि मी बसले. रागानं बसले, ताई, खरं सांगते, त्याला दाखवायला, की अरे तू काय चालवतोस, हे बघ चालवतात कसं. बागेत एक फेरी मारली तोवर राग होता. दुसऱ्या फेरीला राग नव्हता. तिसऱ्या फेरीला मी बांधावरून वर आले. कलम एकोणचाळीस मला त्या क्षणी पण पाठ होतं. त्याला निदान खरंच वाटायचं की ह्यात काही नाही. मला तर सगळं माहीत होतं. कुठल्या रेघेवर गुन्हा सुरू होतो ते मला माहीत होतं, आणि त्या रेघेवरून चाक जाताना मला — मला हसू आलं होतं. मोठ्यानं हसले मी. लहानपणानंतर तशी हसले नसेन.

गोदाबाई मधोमध होती. डोक्यावर घड. मी वळवायला गेले तर ती गाडी वळेना, मी तुम्हाला सांगितलं ना, आतलं चाक वळत नाही — हे शिकाऊंना सांगते मी, तोंडपाठ, आणि हातात हँडल आल्यावर कचकन वळवलं. एका अंगावर उचलली, आणि पुढचं चाक तिच्या मांडीवर. आवाज आला. तो नाही सांगत तुम्हाला. घड फुटून सगळ्या फण्या रस्त्यावर. मी गाडीवरच. मला उतरताच येईना, पदर अजून अडकलेला.

भूपेंद्र पळत आला. तेवढं पोट घेऊन, तसा पळताना मी त्याला कधी बघितला नव्हता. आधी माझा पदर सोडवला त्यानं, फाडूनच काढला, आणि म्हणाला, बागेत जा वहिनी. एवढंच. ट्रकावरची माणसं पलीकडच्या अंगाला होती, ती येईपर्यंत हा गोदाबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला, आणि ओरडतोय — माझ्याकडून झालं, माझ्याकडून झालं, पिकअप आणा. कुणी विचारलं पण नव्हतं त्याला. आणि मी? मी गेले बागेत. जा म्हटलं आणि गेले. अठरा वर्षं लोकांना सांगते, अपघात झाला तर जागा सोडायची नाही. पहिला नियम आहे.

संध्याकाळी थान्यात बयान. कडू म्हणून हवालदार होते, भले माणूस, खुर्ची दिली मला. विचारलं, तुम्ही काय पाहिलं? म्हटलं, मी पूजेचं ताट आवरत होते, मला आवाज ऐकू आला. त्यांनी लिहिलं. मी सही केली. शोभा गिरधर, खाली तारीख, अक्षर पण नाही हललं. भूपेंद्र बाजूच्या बाकावर बसलेला, शर्टाला रक्त, आणि मला डोळ्यानं म्हणतो, ठीक. बाहेर आल्यावर म्हणे, वहिनी, तुमचं शिकवायचं लायसन्स आहे, शाळा आहे, दादाचं नाव आहे गाडीवर. माझं काय जातंय? माझी तर तशीही तीच इज्जत आहे गावात.

— डावीकडे खड्डा आहे. चुकवा. हं.

तुम्हाला वाटेल मी त्याच्या पाया पडले असेन. नाही. त्या दिवसापासून मला त्याचं तोंड बघवत नाही. आधी मी त्याला वेडा समजत होते, ते बरं होतं. वेड्याला नावं ठेवता येतात. आता कुठल्या तोंडानं ठेवू? पण ठेवते. चार महिने झाले, ज्याला त्याला सांगते, आमच्या भूपेंद्रनं बघा काय केलं, सांगून ऐकत नव्हता, गरीब बाईची मांडी मोडली. तुम्हालाही तेच सांगत होते ना आता? आणि किती छान सांगत होते. माझा एक शब्द अडखळला नाही पदरापर्यंत.

गोदाबाईकडे जाते मी. मतलब जायचे. मांडीत सळई घातलीय तिच्या. सरकारी दवाखान्यात होती, मग घरी. काठीवर चालते आता, घड काय, हंडा पण उचलत नाही. भूपेंद्र घेऊन जातो तिला तपासायला, स्वतः, ऑटोनं — गाडी त्यानं विकायला काढली, कुणी घेत नाही. मी पण जायचे, दर सोमवारी, फळं घेऊन. आणि ती मला कधी काही बोलली नाही. मला वाटलं तिला माहीतच नाही. वाटलं, शुद्ध गेली होती, काय बघितलं असेल. तर मागच्या महिन्यात, मी सफरचंदं ठेवली खाटेशी, उठायला लागले, तर म्हणे, बाई, बसा जरा. म्हणे, मी पडताना तुमची हिरवी साडी बघितली. भूपेंद्रभाऊंनी हात जोडले माझ्यापुढं, म्हणून हवालदारासमोर मी म्हटलं मला काही दिसलं नाही. भाऊंसाठी म्हटलं. पण तुम्ही येत जाऊ नका. तुम्ही आल्या की मला माझं खोटं आठवतं. माझ्या उभ्या जन्मात मी पोलिसांसमोर एकच खोटं बोलले, आणि ते तुमचं होतं.

असं म्हणाली. आवाज पण नाही चढवला. सफरचंदं परत दिली पिशवीतून. मी घेऊन आले. काय करणार होते?

इथं घ्या, घाटाच्या वरती, त्या लिंबाखाली. डावा इंडिकेटर. आरसा. हळूहळू कडेला — अजून — बास. छान लावलीत. खरंच छान लावलीत.

नाही, रडत नाहीये मी. धूळ आहे. तुम्ही पाणी प्या.

काल आला होता तो घरी. दारातच उभा. म्हणे, वहिनी, वकिलांनी सांगितलंय, गुन्हा कबूल करून टाकायचा, लवकर सुटतं, नाहीतर वर्षानुवर्षं चालतं. मग म्हणे — ऐका हं — कोर्टात पांढरा शर्ट घालू का चौकडीचा? पंचेचाळीस वर्षांचा माणूस. माझ्या गुन्ह्यासाठी पिंजऱ्यात उभा राहणार आणि मला शर्ट विचारतो. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, तुला अक्कल कधी येणार? अरे-तुरे केलं त्याला, लग्न होऊन आल्यापासून कधी केलं नव्हतं. तो हसला. म्हणे, दादा असता तर त्यानं पण हेच केलं असतं. आणि मी दार लावून घेतलं त्याच्या तोंडावर. दादा असता तर! ह्यांनी असं कधीच केलं नसतं, ताई. ह्यांनी मला हाताला धरून त्याच संध्याकाळी थान्यात नेलं असतं, आणि बाहेर पायरीवर बसून राहिले असते, रात्र झाली तरी. मी ओळखते ना त्यांना. रात्रभर तेच चाललं डोक्यात. मग सकाळी उठून त्याला फोन केला आणि म्हटलं, पांढरा.

काय म्हणता? मग आता काय? वा. तुम्ही पण विचारता. मी तुम्हाला गाडी शिकवायला आणलं की तुम्ही मला?

नाही, रागावले नाही. विचारा. सगळ्यांनी विचारावं. कुणी विचारतच नाही ना, हीच पंचाईत आहे. मला बघून सगळे म्हणतात, शोभाताई म्हणजे शिस्त. आरटीओतले लोक उठून उभे राहतात. अरे, एकानं तरी विचारायचं, की बाई, दसऱ्याला तुमची साडी फाटली कशी?

घड्याळ बघा. पाच. तुमचा तास झाला.

हँडब्रेक ओढा. वर ओढा, टिकटिक आवाज येईस्तोवर. न्यूट्रल. बंद करा. किल्ली द्या इकडे. ऑटो मिळेल तुम्हाला इथून, सिंधीपुऱ्याकडे जाणारे भरपूर आहेत. कार्ड द्या तुमचं, सही करते. आठ तास झाले. राहिलेले बारा पंकज घेईल. माझ्याकडे शिकवायला आहे तो, तुम्ही बघितलंय त्याला, उंच, चष्मा. चांगला शिकवतो. ओरडत नाही. माझ्यापेक्षा चांगलाच शिकवतो म्हणा.

उद्या? उद्या मी नाही. उद्या अकराला कोर्ट आहे. नाही, साक्षीला नाही जात. त्याला कळवलं पण नाही अजून, कळलं तर आडवा पडेल, वेडा आहे तो. पुकारा झाला की उभी राहीन, मग बघू. परवा? परवाचं मला विचारू नका. परवाचं मला कुठं माहीत आहे.

आता उतरा. तोंडावर हात ठेवून काय बसलात? उतरा म्हटलं ना, मला जायचंय — आणि दार उघडायच्या आधी मागं बघा, केळीचा ट्रक येतोय.